पत मोजणाऱ्याचीही पत

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील बाजारपेठेचे गाव. अशा गावात उधारीचे खाते उघडण्यापूर्वी गिऱ्हाइकाचे घर, शेती आणि मागचा व्यवहार दुकानदाराला ठाऊक असतो. माणसाच्या आधी त्याची पत दुकानात पोहोचलेली असते. इंटरनेटवरील चर्चेत मात्र बोलणारा कोण, हेच बहुतेकांना माहीत नसते. मग हजारो अनोळखी माणसांपैकी विश्वास ठेवायचा कोणावर? या अडचणीतून सभासदांना गुण देण्याची पद्धत आली.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या 'स्लॅशडॉट' या संकेतस्थळाने अशा गुणांना चक्क 'कर्म' हे नाव दिले. आकडा दिसू लागताच तो वाढविण्याची चढाओढ लागली. अखेर आकडा झाकून 'उत्कृष्ट', 'वाईट' असे शेरे दाखविले जाऊ लागले. परीक्षणासाठी निवडलेल्या वाचकांना मोजकेच गुण वाटता येत, आणि त्यांचा निवाडा योग्य होता का, हे इतर वाचक तपासत.

संगणक प्रणालीकारांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'चा हिशेब अधिक काटेकोर आहे. उत्तराला पसंतीचे एक मत मिळाले की १० गुण, प्रश्नकर्त्याने ते स्वीकारले की आणखी १५. नापसंतीच्या मताने उत्तर देणाऱ्याचे २ गुण जातात. पण तसे मत देणाऱ्यालाही १ गुण गमवावा लागतो. नापसंती नोंदविण्याचा अधिकारही १२५ गुण मिळविल्यावरच लाभतो.

हा १ गुण क्षुल्लक वाटेल. पण या व्यवस्थेचे मर्म त्यातच आहे. दुसऱ्याची पत ठरविणाऱ्याचेही काही पणाला लागले, तरच त्याच्या मताला वजन येते. सहकाराला हे तत्त्व नवे नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांच्या सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्यादित होती. एकाचे कर्ज थकले तर त्याची झळ सर्वांना बसण्याचा धोका असे. साहजिकच, कोणाला सभासद करून घ्यायचे आणि कोणाला कर्ज द्यायचे, हे पारखून पाहणे प्रत्येकाच्याच हिताचे होते.

अर्थात, आकड्याला मर्यादा आहेतच. सोप्या प्रश्नाला झटपट दिलेले उत्तर शेकडो मते मिळवू शकते; अवघड प्रश्नावर घेतलेली मेहनत दोन-चार मतांवर थांबते. नवागताची सुरुवात तर अवघ्या १ गुणाने होते. मलकापुरातील एखाद्या विद्यार्थ्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला आणि त्यावर नापसंतीची मते पडली, तर तो पुन्हा तिकडे फिरकेलच असे नाही. बाजारपेठेत निदान वडिलांच्या ओळखीचा आधार असतो; येथे तोही नाही.

म्हणूनच गुणांचा आकडा हा ओळखपत्रासारखा वाचावा, निकालपत्रासारखा नव्हे. तो मागील व्यवहार सांगतो; समोरचे उत्तर खरे की खोटे, हे मात्र ते उत्तर वाचूनच ठरवावे लागते.