विश्लेषण : सोनोग्राफी ‘नॉर्मल’ असली, तरी पोट तपासून घेणे का गरजेचे?

‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ हे ऐकले, की गर्भवतीसह सारे घर निश्चिंत होते. पुढच्या तपासणीची तारीख मग सहज हुकते. पण पडद्यावर बाळ दाखवणारे यंत्र आईचा रक्तदाब मोजत नाही, की तिच्या अंगात रक्त किती आहे हेही सांगत नाही. अतिरक्तस्राव आणि वाढलेला रक्तदाब ही तर मातामृत्यूची प्रमुख कारणे आहेत.

सोनोग्राफी काय सांगते?

गर्भाचे वय, जुळे आहे का, वार खाली सरकली आहे का, अवयवांत दोष आहे का, हे सोनोग्राफीत दिसते. हाताच्या तपासणीत ते खात्रीने कळत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक गर्भवतीसाठी २४ आठवड्यांपूर्वी एका सोनोग्राफीची शिफारस केली. कमी जोखमीच्या गर्भारपणात मात्र त्यानंतर सरसकट सोनोग्राफी केल्याने आई-बाळाला फायदा झाल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा बाळाची वाढ कमी असल्याची शंका असेल, तर पुढच्या सोनोग्राफी आवश्यकच ठरतात.

हाताने आणि मोजपट्टीने काय कळते?

साधारण २४ आठवड्यांनंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. हा आकडा आठवड्यांच्या जवळपास असतो. म्हणजे २८व्या आठवड्यात सुमारे २८ सेंटिमीटर. त्यात मोठा फरक पडला किंवा दोन भेटींत उंची वाढलीच नाही, तर बाळाची वाढ, गर्भजल यांची तपासणी करावी लागते. शेवटच्या महिन्यांत डोके खाली आहे की वर, याचा अंदाज पोट चाचपून येतो. मात्र स्थूलता, जुळे किंवा तपासणाऱ्याचा अपुरा अनुभव यामुळे हा अंदाज चुकू शकतो. शंका आली, की खात्रीसाठी सोनोग्राफीच करावी लागते.

चुकवू नयेत अशा तपासण्या कोणत्या?

प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन आणि लघवीतील प्रथिने तपासली जावीत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असणे हा धोक्याचा इशारा आहे. वेळीच लक्ष दिले नाही, तर आईला झटके येऊ शकतात. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय समजला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. अशा स्त्रीला प्रसूतीत थोडा जास्त रक्तस्रावही झेपत नाही.

जास्त यंत्रे म्हणजे जास्त सुरक्षितता?

नेहमीच नाही. प्रसूतिकळांदरम्यान बाळाचे ठोके यंत्राने सतत टिपणे आणि ठरावीक वेळाने ऐकणे यांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे. सतत नोंदीमुळे नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण घटले. पण बालमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण कमी झाले नाही. सिझेरियन मात्र वाढले. जोखमीच्या प्रसूतीत यंत्र हवेच. सरसकट वापराचा हिशेब वेगळा आहे.

गर्भवतीने काय करावे?

पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी आणि किमान चार तपासण्या, हा आपल्याकडील शासकीय निकष आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते. भेट संपताना कार्डावर रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि गर्भाशयाची उंची लिहिली आहे का, हे पाहावे. रकाना रिकामा असेल, तर तिथेच विचारावे.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. आदल्या दिवशीची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ असली, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.