मोटारीच्या सेल्फची कुरकुर व तिजवर घरगुती उपाय

शिरवळच्या पंचक्रोशींत आज असा बागाईतदार विरळाच, कीं ज्याच्या दारीं एखादी जीप, टेंपो किंवा ट्रॅक्टर उभा नाहीं. कांदा लोणंदच्या पेठेंत न्यावयाचा असो, भाजी पहाटेस पुण्यास पोंचवावयाची असो, कीं अपरात्रीं घरांतील कोणास दवाखान्यांत हलवावयाचें असो, सारी मदार या वाहनावर असते. बैलाच्या खुराकडे व खांद्याकडे आपण रोज नजर टाकतों. परंतु इंजिनास जो झोंपेंतून उठवतो त्या अवयवाकडे, तो रुसून बसेपर्यंत, आपण ढुंकूनहि पाहत नाहीं. यंत्राच्या पुस्तकांत यास स्टार्टर म्हणत असले तरी आपल्याकडे लहानथोर सर्वजण 'सेल्फ' म्हणतात, म्हणून येथेंहि तोच शब्द योजतों.

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्री नव्हे. महसूल खात्यांत दप्तरें बांधण्या-सोडण्यांत उमर गेली, व निवृत्तीनंतर एक जुनी डिझेल जीप पदरीं पडली. तिनें जें शिकवलें तेवढेंच सांगावयाचें आहे. आणि तें सांगण्यास कारणहि तसेंच घडलें.

गतवर्षीं कार्तिकाच्या सुमारास जीपचा सेल्फ, दांतांवर दांत घासावे तसा, कर्रकर्र आवाज करूं लागला. दोनतीन वेळां किल्ली फिरवली म्हणजे इंजिन लागे, म्हणून मीं दुर्लक्ष केलें. एके दिवशीं लोणंदच्या बाजारांत कांदा उतरवून मी तोलाईची पावती घेण्यास गेलों. किल्ली गाडींतच राहिली. भावकींतील एक तरुण बरोबर होता. त्यानें किल्ली फिरवून पाहिली, तों नुसता 'टक्' असा आवाज होऊन सारें थंड. तेव्हां पुष्कळ लोक करतात तेंच त्यानें केलें. किल्ली चालू ठेवून तो खालीं उतरला, बॉनेट उघडलें, व पेचकसानें सेल्फचीं दोन टोकें एकमेकांस भिडवलीं. यासच 'डायरेक्ट करणें' म्हणतात. हातब्रेक ढिला असल्यामुळें गाडी पहिल्या गिअरमध्यें उभी करण्याची मला खोड होती, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. इंजिन लागतांच गाडी पुढें उसळली. मी दहा पावलांवरून पाहत होतों, पण घशांतून शब्द फुटेना. पुढच्या चाकास धोंडा लावलेला होता म्हणून निभावलें. गाडी त्यावर अडून बंद पडली. त्या पोराच्या पायाच्या दोन बोटांचीं नखें गेलीं. धोंडा नसता तर त्याच्या आईबापांस काय तोंड दाखवलें असतें, हा विचार अजून मनांतून जात नाहीं.

ट्रॅक्टरच्या बाबतींत तर हा प्रकार अधिकच घातक. तेथें सेल्फ इंजिनाच्या कुशीस असतो, आणि पेचकस लावणारा मनुष्य नेमका मागच्या मोठ्या चाकाच्या वाटेंत उभा असतो. क्लच दाबल्याविना किंवा गिअर सोडल्याविना इंजिन लागूं नये म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरांत जी कळ बसवलेली असते, तिलाहि डायरेक्ट करणारा वगळून जातो.

साताऱ्याच्या कूपर कारखान्याचीं अथवा किर्लोस्करांचीं तेल-इंजिनें ज्यांनीं विहिरीवर चालवलीं, त्यांस हँडल मारणें म्हणजे काय तें सांगावयास नको. मोटारीहि प्रथम हँडलनेंच सुरू होत, व तें उलट झटका देऊन मनगटें मोडी. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं १९११ सालीं मोटारीसाठीं विजेचा सेल्फ सिद्ध केला व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. फोर्डच्या सुप्रसिद्ध 'टी' गाडीस तो मिळण्यास १९१९ साल उजाडलें. म्हणजे जो अवयव माणसाचे हात वांचवण्यासाठीं जन्मास आला, त्यालाच पेचकस लावून आपण पाय गमावूं पाहतों!

त्याची घडण अवघड नाहीं. विजेची एक लहान पण जोरकस मोटर, तिच्या पाठीवर सोलेनॉइड नांवाचें नळकांडें, व पुढें एक छोटें दंतचक्र. किल्ली फिरवली कीं सोलेनॉइडमधील लोखंडी दांडा ओढला जातो, त्यायोगें दंतचक्र सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दांत्यांत बसतें, आणि तेव्हां बॅटरीची मुख्य वीज मोटरीस मिळते. इंजिन लागल्यावर त्याच्या वेगानें सेल्फ भरमसाट फिरूं नये म्हणून दंतचक्रास एकाच दिशेनें पकडणारा क्लच जोडलेला असतो. या सबंध जोडणीस मेस्त्री लोक बेंडिक्स म्हणतात.

पाना हातीं घेण्यापूर्वीं कानानें पंचनामा करावा. भराभर टकटक वाजूं लागलें तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचीं टोकें मळलीं आहेत. एकच ठळक 'टक्' होऊन शांतता झाली तर सोलेनॉइडच्या आंतील संपर्क जळले असतील, कार्बन झिजले असतील, अथवा वीज वाटेंत कोठें तरी अडत असेल. सेल्फ 'घूं' करून नुसता फिरतो व इंजिन ढिम्म हलत नाहीं, तर क्लच घसरतो असें समजावें. कर्र असा घासण्याचा आवाज म्हणजे दंतचक्र पुरतें बसत नाहीं, दांते झिजले आहेत, किंवा सेल्फचे बोल्टच ढिले आहेत. इंजिन लागल्यावरहि किंचाळी चालू राहिली तर दंतचक्र मागें परतलेलें नसावें. इंजिन तत्काळ बंद करावें. कांहीं नव्या सेल्फांचा आवाज आंतील दांतचक्रांमुळें मुळांतच बारीक व उंच असतो, तो दोष नव्हे.

मला एका मेस्त्रीनें नवा सेल्फ घेण्याचा सल्ला दिला होता. परंतु प्रथम बॅटरी पाहावी असें मीं ठरवलें. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखवते; सेल्फ फिरत असतांना आंकडा साडेनऊच्या खालीं गेला तर दोष बहुधा बॅटरीचा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, ती कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून तारेच्या ब्रशानें काढावी. सोड्याचें पाणी बॅटरीच्या पोटांत जाऊं देऊं नये. बॅटरीपासून सांगाड्यास व इंजिनास गेलेल्या जाड पट्टीचा बोल्टहि सोडून खालचा गंज खरवडावा. येथें चुकणारे पुष्कळ. पट्टी गंजली कीं उत्तम सेल्फहि रडतो.

सेल्फ उतरवावयाचा तर गाडी न्यूट्रलमध्यें, चाकांस दोन्ही बाजूंनीं धोंडे, किल्ली खिशांत, व विडी दूर. कारण बॅटरींतून निघणारा वायु पेट घेतो. बॅटरीचें ऋण टोक प्रथम सोडावें. धन टोक आधीं सोडूं लागल्यास पाना सांगाड्यास लागून ठिणग्या उडतात व हात भाजतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये. तारांस चिठ्ठ्या बांधाव्या; कारकुनाची ही एक संवय मला येथें उपयोगी पडली. शेवटचा बोल्ट सुटतांना खालून हात द्यावा, सेल्फ चांगलाच जड असतो.

उघडण्यापूर्वीं टोपणें व अंग यांवर खिळ्यानें खूण करावी. आंतील काळी भुकटी कोरड्या ब्रशानें झाडावी. तोंडास फडकें बांधावें. आर्मेचर व तारांचीं वेटोळीं डिझेलांत किंवा पेट्रोलांत कदापि बुडवूं नयेत, त्यांवरील रोगण खराब होतें. क्लचहि धुवूं नये, कारण आंत कारखान्यांत भरलेलें ग्रीस निघून जातें व मग तो लवकर घसरूं लागतो; फडक्यानें पुसणें पुरे. आर्मेचरचा तांब्याचा भाग काळवंडला असल्यास अगदीं बारीक काचकागदानें फिरवून उजळावा. त्या कामीं लोखंडावरचा एमरी कागद नको, त्याचे वीजवाहक कण तांब्याच्या फटींत अडकतात. कार्बन निम्मे झिजले असतील तर नवे घालावे. दांडा बुशांत लटपटत असेल तर बुश बदलावे. नवे सच्छिद्र बुश बसवण्यापूर्वीं रात्रभर इंजिन ऑइलमध्यें भिजत ठेवावे.

माझ्या सेल्फांत काय निघालें तें सांगण्यास थोडी लाज वाटते. सोलेनॉइडच्या बारीक तारेचें टोक हिरवें पडलें होतें, त्यामुळें त्यास ओढण्यापुरती वीज पोंचेना. पण त्याहून मोठें कारण मीच. आदल्या उन्हाळ्यांत 'तेलपाणी' करण्याच्या हौसेनें मीं दांड्यावर मूठभर ग्रीस फांसलें होतें. त्यावर रस्त्याची धूळ बसून त्याचा चिखल झाला, आणि दंतचक्र अर्ध्या वाटेंत अडून दांते घासूं लागलें. तो सारा पुसून काढला व दांड्यावर बोटानें नुसता पातळ हात फिरवला. कार्बन मात्र नवे घ्यावे लागले.

जोडून झाल्यावर सेल्फ शेगड्यांत घट्ट आवळून दोनतीन सेकंदच बॅटरीवर चालवून पाहावा; वीज लागतांच तो हातांतून उसळतो. गाडीवर चढवतांना बॅटरीचें ऋण टोक सर्वांत शेवटीं जोडावें. पुढें नित्य किल्ली फिरवतांना दहा सेकंदांहून अधिक ताणूं नये, व पुन्हां फिरवण्यापूर्वीं मिनिटभर विश्रांति द्यावी.

ज्या नव्या मोटारी चौकांत आपोआप बंद होऊन आपोआप चालू होतात, त्यांच्या सेल्फास घरीं हात लावूं नये; तें काम जाणत्या गॅरेजचें.

माझी जीप आतां पहिल्याच किल्लीस लागते. हातब्रेकहि दुरुस्त करून घेतला. तो तरुण गाडींत बसला कीं प्रथम गिअरचा दांडा हलवून पाहतो, व पेचकस मीं गाडींतून काढून घरच्या फडताळांत ठेवला आहे.