हातात साडेचार हजार, देणे बारा हजार



मासेमारी बंदीचे ६१ दिवस संपत आले. बोटींना रंग लागला, जाळी शिवून झाली. ३१ जुलैपर्यंत कसे निभवायचे ही चिंता मात्र मालिमपासून तळपणपर्यंत प्रत्येक घरात असते. आज लिहितोय ते या दिवसांत मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाबद्दल. या विषयावर कोणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळेच हे कर्ज वाढते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. आपल्या एका सभासदाच्या बायकोचा फोटो आणि खाली लिहिलेले, "ही चोर आहे, पैसे बुडवून पळाली." मी तो डिलीट केला. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवा, असे वाटले. ते माझे चुकले. तिसऱ्या दिवशी ती स्वतः ऑफिसात आली, रुमालात बांधलेल्या दोन बांगड्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "सेक्रेटरीभाऊ, या कुठे गहाण ठेवू ते सांगा. पण घरी कळू देऊ नका."

नवरा ट्रॉलरवर, हिची बाजारात मासळीची पाटी. जूनमध्ये दोन्ही बंद. सासूचे औषध आणि गॅस यासाठी तिने एका अॅपवरून पाच हजार घेतले. हातात आले साडेतीन हजार, बाकीचे "प्रोसेसिंग" म्हणून कापले. सात दिवसांत पूर्ण पाच हजार परत द्यायचे. ते जमले नाही म्हणून दुसऱ्या अॅपवरून आठ हजार घेतले. हातात आले ५,६००. पहिल्याचे पाच हजार फेडले, उरले सहाशे. मग तिसरे अॅप, बारा हजार. हातात ८,४००, त्यातून आठ हजार फेडले, उरले चारशे.

आम्ही वहीत बेरीज मांडली. साडेतीन हजार, सहाशे आणि चारशे. म्हणजे तीन आठवड्यांत घरात वापरायला आले फक्त साडेचार हजार, आणि डोक्यावर देणे बारा हजार. बेरीज बघून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वाटलं मीच काहीतरी उधळपट्टी केली."

मंडळी, साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार म्हणजे सात दिवसांत जवळजवळ ४३ टक्के. गावातला सावकारही एवढे मागायला लाजेल.

मी बांगड्या परत रुमालात बांधायला लावल्या आणि नवऱ्याला बोलावून घेतले. तो चिडेल अशी तिला भीती होती. त्याने एवढेच विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही तरी कुठून आणणार होता?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून देणे दोघांचे झाले, आणि अर्धा जीव तिथेच हलका झाला. तिच्या परवानगीने हे लिहितोय. अशी वेळ आली तर काय करावे, ते क्रमाने सांगतो.

१. जुने फेडायला नवे कर्ज घेऊ नका. वही घ्या. कोणाकडून घेतले, हातात किती आले, किती परत दिले, किती मागतात, सगळे लिहा.

२. कर्ज कोणाचे ते शोधा. अॅप हा फक्त दरवाजा असतो, मागे बँक किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनी असायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देण्याआधी व्याज, सर्व खर्च आणि कंपनीचे नाव लिहिलेले माहितीपत्रक द्यावे लागते. मोबाईलमधले नंबर, कॉलची यादी, फोटो यांना अॅपने हात लावायचा नाही. कंपनीचे नावच नाही आणि पैसे दरवेळी वेगळ्या यूपीआयवर मागतात, तर ते अॅप खोटे समजा.

३. खोटे अॅप असेल तर आधी मेसेज, कॉल, पैसे भरल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग नंबरांची परवानगी बंद करा आणि अॅप काढा. १९३० या सायबर हेल्पलाईनवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. 'सचेत' या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवरही तक्रार घेतात. आणि ओळखीच्या लोकांना आपणच आधी सांगा, "असा मेसेज आला तर लक्ष देऊ नका." त्यांचे मुख्य हत्यार आपली लाज असते.

४. खरी कंपनी असेल तर तोंड लपवू नका. फोनवर भांडूही नका. लेखी कळवा की बंदीमुळे उत्पन्न थांबले आहे, ऑगस्टपासून महिन्याला एवढे भरू शकतो. झेपेल तेवढाच आकडा लिहा. पैसे कंपनीच्याच खात्यात भरा, पावती ठेवा. "थोडे भरा, मिटवून टाकू" असे सांगितले तर आधी लेखी पत्र घ्या. असे मिटवलेले कर्ज सिबिलमध्ये तसेच नोंदले जाते आणि पुढे बँकेत अडचण येते, हेही लक्षात ठेवा.

५. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, बदनामी चालत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८.

६. कर्ज फेडता आले नाही एवढ्यावरून पोलीस पकडून नेत नाहीत. मात्र चेक दिला असेल आणि तो परत गेला, तर ती वेगळी केस होऊ शकते. कोर्टाचा कागद आला तर पेटीत टाकू नका. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, स्त्रियांना तर उत्पन्नाची अटसुद्धा नाही. हेल्पलाईन १५१००.

७. थोडे पैसे आले तर आधी तांदूळ, औषध, वीजबिल. मग ज्याच्यावर बोट किंवा सोने गहाण आहे ते कर्ज. बाकीचे त्यानंतर. जो जास्त ओरडतो त्याला आधी, असे करू नका.

त्या घरी तक्रारीनंतरही काही दिवस फोन येतच राहिले. नंबर बदलून, आवाज बदलून. दोघे मिळून उचलत होते, तेवढाच फरक. बांगड्या मात्र विकाव्या लागल्या नाहीत.

आता पुढच्या जूनची गोष्ट. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळते. डिझेल, बर्फ, मजुरी अशा खर्चासाठी ते असते आणि वेळेवर फेडले तर व्याज वर्षाला ४ टक्के पडते. पण बँकेचे काम आठवड्यात होत नाही. ऑगस्टमध्येच कागद करा. अर्ज भरायला मी बसतो.

बोटमालकांनाही एक विनंती. खलाशाच्या हिश्शातून, त्याच्या संमतीने, दिवसाला ५० रुपये बाजूला काढून त्याच्याच खात्यात भरा. २०० दिवस बोट गेली तर दहा हजार होतात. ज्या कर्जासाठी या बाईची झोप उडाली, त्याच्या दुप्पट रक्कम ही.

ऑफिस सकाळी उघडे असते. कोणाच्या फोनवर असे मेसेज येत असतील तर फोन घेऊन या. वही मी काढतो. दार लावून बोलू.

आपला,
सेक्रेटरी