ट्रॅक आणि त्याची परतीची वाट

पीसीबी डिझाइन शिकवताना राउटिंगची ओळख बहुधा एका वाक्यात उरकली जाते: सर्किटमध्ये जे पाय एकमेकांना जोडलेले दाखवले आहेत, ते बोर्डावर तांब्याच्या ट्रॅकने जोडायचे. सॉफ्टवेअरही हीच समजूत पक्की करते. पडद्यावर सुटे भाग मांडले की त्यांच्या पॅडांमध्ये बारीक सरळ रेघांचे जाळे दिसते. एकेक ट्रॅक ओढला की एकेक रेघ नाहीशी होते, आणि शेवटची रेघ गेली की काम झाले असे वाटते. माझे म्हणणे असे की तेव्हा काम निम्मेच झालेले असते. प्रवाह कुठे जाऊन थांबत नाही. जिथून निघाला तिथे त्याला परत यावेच लागते. ट्रॅक ही त्याची जाण्याची वाट. येण्याची वाट बहुतेक वेळा ग्राउंडच्या तांब्यातून असते, आणि पडद्यावर तिची रेघ नसल्यामुळे तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. राउटिंगचे खरे कसब त्या न दिसणाऱ्या वाटेची सोय लावण्यात आहे.

या कामाची सुरुवात मात्र जोडणीच्याच प्रश्नातून झाली. जुन्या रेडिओच्या पोटात तारांचा गुंता असे आणि प्रत्येक टाका हाताने लावावा लागे. व्हिएन्नाहून लंडनला आलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ मध्ये छापील सर्किटवर चालणारा रेडिओ बनवला, तेव्हा तो गुंता एका सपाट पृष्ठभागावर उतरला. पुढची कित्येक वर्षे ट्रॅक अक्षरशः चिकटवले जात. पारदर्शक फिल्मवर, दुप्पट किंवा चौपट आकारात, बारीक टेप लावायची आणि मग फोटो काढून नकाशा मूळ मापावर आणायचा. दोन बाजूंच्या बोर्डासाठी एकाच फिल्मवर लाल आणि निळी टेप असे, आणि कॅमेऱ्याला रंगीत फिल्टर लावून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या जात. जुन्या बोर्डांवरचे ट्रॅक नदीसारखे वळणदार दिसतात ते यामुळे. टेप बोटाने हवी तशी वळवता येई. पुढे जोसेफ गर्बर यांच्या फोटोप्लॉटरने हे काम प्रकाशाच्या ठिपक्याकडे दिले. कारखान्याला पाठवायच्या फायलींना आजही गर्बर फाइल म्हणतात.

आता एक ट्रॅक जवळून पाहू. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. या जाडीच्या तांब्याच्या चौरस तुकड्याचा रोध, तुकडा लहान असो की मोठा, सुमारे अर्धा मिलिओहम भरतो. मग ०.२५ मिमी रुंद आणि १० सेंमी लांब ट्रॅक म्हणजे असे ४०० चौरस एका रांगेत, रोध ०.२ ओहम. त्यातून १ अँपिअर नेला तर वाटेतच ०.२ व्होल्ट गळतात. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला हे परवडणारे नाही, म्हणून सप्लायचे ट्रॅक रुंद ठेवतात. हे गणित सगळ्यांना पटते. पण ग्राउंडसाठीही असाच बारीक ट्रॅक ओढला, तर परत येताना तेवढेच व्होल्ट पुन्हा गळतील आणि त्या चिपचे शून्य हे शून्य राहणार नाही, हे मात्र सहज निसटते. याचे एक कारण शिकण्याच्या क्रमात असावे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये जो पहिला बोर्ड तयार होतो तो एका बाजूचा असतो, आणि त्यावर ग्राउंड हा इतर ट्रॅकांसारखाच आणखी एक ट्रॅक असतो. तीच सवय पुढे टिकते.

वेग वाढला की प्रकरण आणखी रंगते. मंद प्रवाह परतताना कमीत कमी रोधाची वाट धरतो, म्हणून ग्राउंडच्या अख्ख्या थरात पसरतो. वेगाने बदलणारा प्रवाह कमीत कमी इंडक्टन्सची वाट धरतो, आणि ती वाट नेमकी ट्रॅकच्या खाली असते. वरचा ट्रॅक वळला की खालचा प्रवाहही त्याच्या सावलीसारखा वळतो. ट्रॅक आणि ग्राउंड यांच्यात जितके अंतर, त्याच्या तिप्पट अंतरापर्यंत दोन्ही बाजूंना मिळून परतीच्या प्रवाहाचा सुमारे ८० टक्के भाग सामावलेला असतो. चार लेयरच्या बोर्डात हे अंतर ०.२ मिमीच्या आसपास असले, तर परतीच्या प्रवाहाचा हा मोठा भाग मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्यात धावतो. १.६ मिमी जाडीच्या दोन लेयरच्या बोर्डात तोच पट्टा जवळजवळ सेंटिमीटरभर रुंद होतो, आणि शेजारच्या ट्रॅकच्या पट्ट्यात मिसळतो.

अशा दोन लेयरच्या बोर्डात खालची बाजू ग्राउंडला दिली आहे, पण एका ट्रॅकला वर जागा मिळेना म्हणून त्याला व्हायातून, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या छिद्रातून, खाली उतरवून ४ सेंमी आडवा नेला आहे, असे समजा. त्याच्यावरून वरच्या बाजूला मायक्रोकंट्रोलरचा क्लॉक बरोबर मधोमध ओलांडून जातो. वरून पाहिले तर सगळे ठीक आहे. जोडण्या पूर्ण आहेत, सॉफ्टवेअरची तपासणी एकही चूक दाखवत नाही. खाली मात्र क्लॉकचा परतीचा प्रवाह त्या आडव्या ट्रॅकने ग्राउंडच्या तांब्यात पाडलेल्या फटीपाशी अडतो, २ सेंमी बाजूला जाऊन टोकाला वळसा घालतो आणि पुन्हा २ सेंमी चालून ट्रॅकखाली येतो. ती फट ओलांडणाऱ्या प्रत्येक सिग्नलला याच टोकावरून वळावे लागते, म्हणून एकाचा गोंगाट दुसऱ्यात शिरतो. शिवाय जाण्याच्या आणि येण्याच्या वाटांमध्ये जितकी जागा उघडी पडते, तितके ते वेटोळे अँटेनासारखे वागू लागते. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांतील इलेक्ट्रॉनिक्सची ईएमसी, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगततेची, चाचणी होते. तशा चाचणीत बाहेर फेकली जाणारी ऊर्जा मोजली जाते, तेव्हा सर्किटच्या नकाशात कुठेही न दिसणारी ही फट आपले अस्तित्व दाखवते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सारे वेगवान बोर्डांसाठी आहे. साध्या बोर्डाला एवढा विचार कशाला? एलईडी आणि रिलेच्या बोर्डाला खरोखरच लागत नाही, हे मान्य. पण बोर्ड साधा की वेगवान हे क्लॉकच्या आकड्यावरून ठरवणे ही चूक आहे. ते ठरते सिग्नल शून्यावरून एकावर किती लवकर चढतो यावरून. आजच्या साध्या मायक्रोकंट्रोलरचा पाय सेकंदाला हजार वेळाच बदलत असेल, तरी प्रत्येक बदल नॅनोसेकंदाच्या आसपास उरकू शकतो. त्या १ नॅनोसेकंदात सिग्नल फायबरग्लासच्या बोर्डात सुमारे १५ सेंमी जातो. त्याच्या सहाव्या हिश्शाहून, म्हणजे अडीच सेंमीहून, ट्रॅक लांब झाला की त्याला साधी तार मानता येत नाही. अडीच सेंमीचा ट्रॅक नाही असा बोर्ड शोधावा लागेल. उलट, ट्रॅकला काटकोनात वळवू नये या नियमाचा धाक मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. कोपऱ्यावरच्या चिमूटभर जादा तांब्याचा परिणाम कित्येक गिगाहर्ट्झपर्यंत जाणवत नाही. त्या कोपऱ्यांवर घालवलेला वेळ ग्राउंडच्या फटी बुजवण्यात गेला तर बोर्डाचे अधिक भले होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे काम यंत्रावर का सोपवू नये? बेल लॅब्समधल्या सी. वाय. ली यांनी १९६१ मध्येच त्याची रीत मांडली. बोर्डाचे बारीक चौकोन करायचे, सुरुवातीच्या पॅडपासून पाण्याच्या लाटेसारखे आकडे पसरवत न्यायचे, लक्ष्य सापडले की त्या आकड्यांवरून मागे यायचे. वाट असेल तर ती सापडतेच, आणि सर्वात आखूड सापडते. पण ही हमी एकेकट्या जोडणीपुरती आहे. आधी ओढलेला ट्रॅक नंतरच्यासाठी भिंत होतो, म्हणून क्रम बदलला की बोर्ड बदलतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वात आखूड वाट ही चांगली वाट असेलच असे नाही. आजचे ऑटोराउटर रुंदी, अंतर, लांबी, जोडीने धावणारे ट्रॅक असे कितीतरी नियम पाळतात, आणि शेकडो पायांच्या चिपभोवती त्यांची मदत नाकारण्यात शहाणपण नाही. तरी कोणता सिग्नल कशाला धक्का देईल, कुठल्या थराला फट पडू द्यायची नाही, हे नियम आधी माणसालाच लिहावे लागतात, आणि ते लिहायला परतीची वाट डोळ्यांपुढे असावी लागते. ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या किकॅड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सर्नने जो राउटर घातला, त्यातली वाटणी मला योग्य वाटते: वाट माणूस दाखवतो आणि आड येणारे ट्रॅक यंत्र नियम सांभाळून बाजूला सारते.

खर्चाचा मुद्दा उरतो. चार लेयरचा बोर्ड दोन लेयरच्या बोर्डाहून महाग पडतो, आणि लहान उद्योगाला तो फरक जाणवतो. पण दोन लेयरमध्येही आधी भागांची मांडणी नीट केली, तर बहुतेक ट्रॅक वरच मावतात आणि खाली उतरणारे तुकडे दोन-चार मिलिमीटरांचे ठेवता येतात. म्हणून बोर्ड कारखान्याला पाठवण्याआधी एवढे जरूर करा: पडद्यावरचे बाकी सगळे थर बंद करा, फक्त ग्राउंडचा थर चालू ठेवा, आणि क्लॉकचा प्रवाह परत कुठून येतो ती वाट बोटाने गिरवून पाहा. बोट जिथे अडेल तिथला ट्रॅक उचलून पुन्हा ओढा.