डोळ्याचा पडदा बदलता येतो का?

मोतीबिंदू झाला तर भिंग बदलतात. डोळ्यात फूल पडले तर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवतात. मग शुगरने खराब झालेला पडदा का बदलत नाहीत? हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून नेहमी विचारला जातो.

बुबुळ म्हणजे खिडकीची काच. ती बदलता येते. पडदा, म्हणजे रेटिना, हा मज्जातंतूंचा भाग आहे. त्यातील पेशी प्रकाश टिपतात आणि पुढे मेंदूपर्यंत निरोप पोहोचवतात. नवी पेशी नुसती ठेवून भागत नाही. ती जगली पाहिजे आणि जुन्या जाळ्याशी जोडली गेली पाहिजे.

यासाठी उंदरांवर बरेच प्रयोग झाले. 2006 साली लंडनमध्ये रॉबर्ट मॅक्लॅरेन, रॉबिन अली आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पेशी मोठ्या उंदरांच्या पडद्यात सोडल्या. त्या रुजल्यासारख्या दिसल्या. पण 2010 च्या अभ्यासात आढळले, की चार महिन्यांत त्यांची संख्या बरीच घटते, कारण शरीराची प्रतिकारशक्ती परक्या पेशींवर हल्ला करते. ती दाबणारे सायक्लोस्पोरिन औषध दिल्यावर जास्त पेशी टिकल्या.

2016 मध्ये नवीनच गोष्ट उघड झाली. रुजलेल्या म्हणून मोजलेल्या अनेक पेशी मुळात त्या उंदराच्याच होत्या. सोडलेल्या पेशींतील चमकणारे प्रथिन त्यांच्यात उतरले होते. ही तपासणी करणाऱ्यांत तो लंडनचा गटही होता. स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा पडताळणे ही खरी विज्ञाननिष्ठा. तथागतांनी कालामांना हीच दृष्टी दिली होती.

2017 मध्ये जपानच्या कोबे शहरात मिचिको मंदाई आणि मासायो ताकाहाशी यांच्या गटाने मूलपेशींपासून पडद्याचा तुकडा तयार करून आंधळ्या उंदरांत बसवला. सुमारे 40 टक्के उंदरांनी प्रकाशाला प्रतिसाद दिला. त्याआधी 2014 साली ताकाहाशींनी एका वृद्ध महिलेच्या पडद्याखाली पेशींचा थर बसवला होता. वर्षभरानंतर थर शाबूत होता. नजर बिघडली नाही, पण सुधारलीही नाही.

म्हणजे आशा आहे, पण हा अजून तयार उपचार नाही. म्हणून ‘मूलपेशींचे इंजेक्शन देऊन नजर परत आणतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर दागिने गहाण टाकू नका. अमेरिकेतील फ्लोरिडात अशी इंजेक्शने घेतलेल्या तीन महिलांची नजर गेल्याची नोंद 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. संशोधनाच्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घेणे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून नाही.

आपल्या हातात काय आहे?

• शुगर असेल तर दिसायला चांगले असले तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. वेळेवर लेझर किंवा इंजेक्शन मिळाल्यास नजर वाचू शकते.

• डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

• शुगर आणि रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. तंबाखू, विडी सोडा.

• घरात मृत्यू झाल्यास लगेच नेत्रपेढीला कळवा; नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. चष्मा किंवा शुगर असलेल्यांचेही नेत्रदान होऊ शकते. पडदा नाही, पण त्यांचे बुबुळ कुणाला तरी नक्की उजेड देईल.