तिसऱ्या घंटेपासून शेवटच्या कर्जतपर्यंत

रात्रीचा प्रयोग संपल्यावर दादरच्या शिवाजी मंदिराचा जिना उतरणाऱ्या प्रेक्षकांकडे जरा निरखून पाहिले, तर त्यांतले दोन वर्ग सहज ओळखू येतात. पहिला वर्ग रेंगाळतो. पुढच्या प्रयोगांचे फलक वाचतो, ओळखीचे कोणी दिसले तर थांबतो, रंगपटातून बाहेर पडणाऱ्या कलावंताची वाट पाहतो. दुसऱ्या वर्गाची नजर मात्र मनगटावर असते. पडदा पडताना तो टाळ्या वाजवतो त्या उभ्यानेच. त्याच्या खांद्याला पिशवी असते आणि पिशवीत पाण्याची बाटली, स्वेटर किंवा छत्री. ही मंडळी स्थानकाच्या दिशेने लगबगीने निघतात, पूल चढून पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेच्या फलाटावर येतात आणि गाडीच्या फलकावर ‘ए’, ‘बीएल’ किंवा ‘एस’ ही अक्षरे शोधू लागतात. हे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरचे नाट्यरसिक.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. आकडे ऐकायला फार मोठे नाहीत. रोज नोकरीसाठी हेच अंतर कापणारे हजारो लोक या तीन शहरांत राहतात. परंतु नोकरीचा प्रवास आणि नाटकाचा प्रवास यांत एक मूलभूत फरक आहे. नोकरीचा प्रवास गाड्यांच्या भरतीच्या वेळी होतो, नाटकाचा परतीचा प्रवास ओहोटीच्या वेळी. कल्याणला लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कल्याणपर्यंत ज्या संख्येने गाड्या मिळतात, त्या संख्येने पुढे मिळत नाहीत. आणि रात्री दहानंतर त्या अधिकच विरळ होतात. डोंबिवलीच्या रसिकाची एक गाडी चुकली तर तो दुसरीने जातो. बदलापूरच्या रसिकाची गाडी चुकली तर त्याला फलाटावरच्या बाकाशी मैत्री करावी लागते.

म्हणून येथील रसिकाचे नाटकाचे गणित तिकिटाच्या दरापासून सुरू होत नाही, ते प्रयोग किती वाजता सुटतो यापासून सुरू होते. रात्री साडेआठचा प्रयोग, दोन अंक, मध्ये पंधरा मिनिटांचे मध्यंतर. तिसरी घंटा दहा मिनिटे उशिरा झाली असे धरले तर सुटायला सव्वाअकरा. दादरहून बदलापूरला जलद गाडीने सुमारे सव्वा तास लागतो, धीम्या गाडीने त्याहून बराच अधिक. मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी मुंबईहून सुटणारी शेवटची कर्जत ही या सगळ्या हिशेबाची तळरेघ. ती दादरला साडेबाराच्या आसपास येते आणि बदलापूरला पोचेपर्यंत दोन वाजत आलेले असतात. ‘शेवटची कर्जत आहेच’ हे वाक्य या भागात धीर देण्यासाठी वापरतात, आणि ती पकडण्याची पाळी मात्र कोणावर येऊ नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते.

दुपारचा प्रयोग हा त्यावरचा सोपा उपाय. दुपारी चारचे नाटक पाहून रात्री नऊच्या आत घरी पोचता येते. पण दुपारचे प्रयोग प्रामुख्याने सुटीच्या दिवशी, आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकचा दिवस. सकाळच्या वर्तमानपत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी उघडून बसलेला गृहस्थ दिसला, एकीकडे नाटकांच्या जाहिराती आणि दुसरीकडे मेगाब्लॉकची चौकट, तर तो कल्याणच्या पलीकडचा आहे असे खुशाल समजावे. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात प्रयोग असेल तर गणितात आणखी एक पायरी वाढते, कारण विलेपार्ले पश्चिम रेल्वेवर. दादरला गाडी बदलणे आले. त्यामुळे ‘पार्ल्याला आहे होय? मग ठाण्याला लागेल तेव्हा पाहू’ हा निर्णय अनेक घरांत चर्चेविनाच होतो.

आता थोडे मागे जाऊ. १८५३ साली विष्णुदास भावे यांची मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिने तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८५६ मध्ये बदलापूरच्या बाजूने बोरघाटाच्या पायथ्याकडे गेले. मुंबईतला मराठी नाटकाचा धंदा आणि लोहमार्ग असे एका वयाचे आहेत. या आगगाडीनेच पुढे नाटक कंपन्यांचे पेटारे, पडदे आणि बिऱ्हाडे गावोगाव नेली. त्या काळी बहुधा नाटक प्रवास करी आणि प्रेक्षक आपल्या गावी त्याची वाट पाही. अपवाद अर्थातच होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संगीत मानापमान’चा संयुक्त प्रयोग मुंबईत बालीवाला थिएटरात केला, तेव्हा सर्वांत महाग तिकीट शंभर रुपयांचे होते आणि तरीही गर्दी लोटली होती. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवर्तले; तो योग पुन्हा येणार नव्हता. एका प्रयोगासाठी शहर गाठण्याचे वेड काही आजचे नाही.

आजची स्थिती मात्र त्याच्या उलट झाली आहे. नाटक एका ठिकाणी स्थिरावले आणि प्रेक्षक प्रवास करू लागला. याचे कारण नाटकात नाही, ते घरांच्या किमतींत आहे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर हा मराठी नाटकाच्या प्रेक्षकाचा मूळ पत्ता. शिवाजी मंदिर १९६५ साली उभे राहिले तेव्हा त्याचा बराचसा प्रेक्षक पायी येऊ शकत होता. पुढे कुटुंबे वाढली, दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि मराठी माणूस मध्य रेल्वेच्या रुळांवरून एकेक स्थानक पुढे सरकत गेला. आधी मुलुंड-ठाणे, मग डोंबिवली-कल्याण, मग अंबरनाथ-बदलापूर. सामानाच्या टेम्पोत त्याने कपाट नेले, देव्हारा नेला, नाटकाचा नाद नेला. नाट्यगृह तेवढे नेता आले नाही. पूर्वी जो जेवून उठून आठच्या नाटकाला जात असे, त्याचाच मुलगा आज पाच वाजता डबा बांधून घराबाहेर पडतो.

या तीन शहरांचा घडणीचा इतिहास एकसारखा नाही, हेही येथे नोंदवायला हवे. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. सिंधी नाटकाची स्वतःची परंपरा त्यांच्याबरोबर आली. मराठी वस्ती चार आणि पाच क्रमांकाच्या कॅम्पांकडे अधिक, आणि तेथील रसिकाला विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगर स्थानकापर्यंत पोचण्यासाठी आधी रिक्षा करावी लागते. अंबरनाथ १०६० सालच्या शिलालेखाच्या शिवमंदिराचे आणि त्याचबरोबर कारखान्यांचे गाव. तेथे कामगारांच्या हौशी नाटकांतून रुजलेली गोडी अजून टिकून आहे. बदलापूरचा विस्तार सर्वांत अलीकडचा, आणि मुंबई सोडून आलेल्या मराठी मध्यमवर्गाचा भरणाही तेथे मोठा. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या हे गाडीच्या खिडकीतूनही दिसते.

मग एवढ्या वस्तीकडे व्यावसायिक नाटक का येत नाही, हा प्रश्न कोणाही बाहेरच्या माणसाला पडेल. त्याचे उत्तर एका प्रयोगाच्या खर्चात आहे. व्यावसायिक रंगभूमीवर कलावंत आणि रंगमंच कामगार यांचे मानधन महिन्यावर नसते, प्रयोगावर असते. धंद्याच्या भाषेत त्याला ‘नाईट’ म्हणतात. त्यात नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याच्या टेम्पोचे आणि मंडळींच्या बसचे भाडे, ध्वनी-प्रकाशाची सामग्री आणि वर्तमानपत्रातली जाहिरात मिळवली, की पडदा उघडण्याआधीचा खर्च कळतो. तो तिकीटविक्रीतून सुटायचा, तर नाट्यगृहात पुरेशा खुर्च्या हव्यात. रंगमंचाची खोली, प्रकाशयोजनेची सोय, रंगपट आणि टेम्पो मागे लावता येईल अशी जागा हवी. सभा-समारंभासाठी बांधलेल्या सभागृहात भाषण होते, सत्कार होतो. दुमजली वाड्याचे नेपथ्य लागत नाही.

दुसरी अडचण तारखांची. नाट्यगृहांच्या पुढच्या काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटल्या जातात आणि निर्माता शनिवार-रविवारची जुळणी करतो. रविवारी दुपारी एका ठिकाणी आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी असे दोन प्रयोग लागले तरच आठवड्याचा हिशेब जमतो. दुपारी कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि रात्री ठाणे, ही जोडी बसते. तीत बदलापूर घातले तर बस घाटाच्या पायथ्याकडे जाऊन पुन्हा उलट फिरणार. त्यामुळे नाटक कल्याणपर्यंत येते आणि थांबते. उरतो तो कंत्राटी प्रयोग, म्हणजे एखाद्या मंडळाने किंवा पुढाऱ्याने ठोक रक्कम देऊन विकत घेतलेला. त्याला गर्दी होते, पण तिकीट काढून येणारा नियमित प्रेक्षक त्यातून तयार होत नाही. अंबरनाथ पश्चिमेस नाट्यगृह बांधण्याचे काम पालिकेने अलीकडच्या काळात हाती घेतले, तेव्हा येथील जाणकारांचा पहिला प्रश्न खुर्च्या किती हा नव्हता, ‘टेम्पो मागे लागेल का?’ हा होता. फार नाटके पाहिलेल्या माणसालाच हे सुचते.

सोबत मिळवणे ही या प्रवासातली खरी कला. रात्री दोन वाजता एकट्याने गांधी चौकापर्यंत चालत जाणे पुरुषालाही नकोसे वाटते, मग स्त्रियांची गोष्ट निराळी काय सांगावी? म्हणून गट तयार होतात. एकाच इमारतीतली तीन कुटुंबे, सकाळच्या गाडीतल्या मैत्रिणी, बँकेतून एकाच वर्षी निवृत्त झालेले सहकारी. गटात एक जण तिकिटे काढणारा असतो. पूर्वी तो कामावरून उतरून खिडकीवर तक्ता पाहून खुर्च्या निवडत असे. आता भ्रमणध्वनीवर निवडतो, पण ‘जे’ रांगेच्या पुढे घ्यायच्या नाहीत, मान अवघडते, हा नियम तसाच आहे. एक जण गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला. आणि एक काकू अशा, की ज्यांच्या पिशवीत सर्वांना पुरतील इतके धपाटे असतात, मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर त्यांचा विश्वास नसतो असे नाही, तरीसुद्धा.

परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत कोणी फारसे बोलत नाही. गर्दी असते, उभे राहावे लागते. डोंबिवलीला डबा मोकळा होतो, समोरासमोरच्या बाकांवर जागा मिळते आणि मग खऱ्या अर्थाने नाटकाचा तिसरा अंक सुरू होतो. ‘दुसऱ्या अंकात जरा लांबलं, नाही?’ अशी सुरुवात साधारणतः वहिनी करतात. त्यावर काका मूळ संचातला नट काय ताकदीचा होता हे सांगतात, मग कोणीतरी त्यांना विचारते, ‘काका, तुम्ही तो प्रयोग पाहिलात की ऐकलात?’ नेपथ्य, संगीत, कॉलर माइकमुळे आवाजाची गेलेली फेक, तिसऱ्या रांगेत वाजलेला भ्रमणध्वनी, एकही विषय सुटत नाही. शेवट पटला की नाही यावर विठ्ठलवाडीला मतभेद होतो, उल्हासनगरला तो वाढतो, आणि अंबरनाथला उतरणारा गडी दारात उभे राहून आपला शेवटचा मुद्दा मांडतो व गाडी सुटल्यावर फलाटावरून हातवारे करून पुरा करतो. समीक्षा म्हणून या बोलण्याची नोंद कोठेही होत नाही. पण पुढच्या आठवड्यात बदलापूरहून दहा तिकिटे जातील की दोन, हे याच बाकांवर ठरते, आणि निर्मात्यांनाही ते पुरते ठाऊक असते. तोंडोतोंडी झालेल्या प्रसिद्धीवर नाटक चालते असे ते म्हणतात, तेव्हा त्यातली बरीच तोंडे लोकलमध्ये असतात.

या साखळीतला एक दुवा निखळला की काय होते, ते करोनाच्या काळात दिसले. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे आणि लोकल दोन्ही बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर नाटकाला परवानगी मिळाली खरी, पण सामान्य प्रवाशाला सर्व वेळ लोकलची मुभा नव्हती. दादरकराला नाटक परत मिळाले, बदलापूरकराला नाही. दोन लसमात्रा घेतलेल्यांना ऑगस्ट २०२१ मध्ये लोकल खुली झाली, नाट्यगृहे पुन्हा २२ ऑक्टोबरला उघडली, आणि मगच येथील मंडळी पुन्हा फलाटावर भेटली. त्यात काही जण नव्हते. काहींना आजाराने नेले होते, काहींचा रात्री बाहेर पडण्याचा धीर गेला होता. पाठोपाठ ठाण्याचे गडकरी रंगायतन नूतनीकरणासाठी ऑक्टोबर २०२४ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत बंद राहिले. तलावपाळीवरचे हे नाट्यगृह स्थानकापासून पायी जाण्याजोगे, म्हणून कर्जत मार्गावरच्या वयस्कर प्रेक्षकांचे ते हक्काचे ठिकाण. ते दहा महिने बंद राहिले, तेव्हा सत्तरीच्या कितीतरी रसिकांनी ‘आता उघडलं की पाहू’ असे म्हणून नाटक सोडले. एकदा मोडलेली सवय सत्तरीत पुन्हा लागायला वेळ लागतो. ते परत यावेत यासाठी रात्रीचा प्रयोग अर्धा तास आधी सुरू करता येईल का, तिसरी घंटा जाहीर वेळेवरच देता येईल का, एवढा विचार निर्मात्यांनी आणि नाट्यगृहांनी जरूर करावा. त्याला खर्च येत नाही.

बदलापूरला गाडी लागते तेव्हा फलाटावर चहाची टपरी बंद झालेली असते. बाहेर तीन-चार रिक्षा उभ्या असतात आणि कात्रपला जाणारे तिघे, बेलवलीला जाणारे दोघे अशी विभागणी आपोआप होते. रिक्षात पाय ठेवता ठेवता तिकिटे काढणारा गृहस्थ मागे वळून विचारतो, ‘पुढच्या रविवारी अत्र्यांत दुपारचा आहे. किती धरू?’ अर्धवट झोपेतही सगळे हात वर होतात. काकू मात्र आधी विचारतात, ‘मेगाब्लॉक कुठे आहे ते बघितलंस का?’