भागीदारी कोणती: साधी की एलएलपी?

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या ऊसपट्ट्यातील गावात दोघे चुलतभाऊ मिळून खते-औषधांचे दुकान काढतात किंवा ऊसतोडणी यंत्र घेतात, तेव्हा भागीदारीपत्र बहुधा नात्याच्या भरवशावर राहून जाते. मात्र भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 नुसार नफा वाटून घेण्याचा करार तोंडी असला तरी भागीदारी निर्माण होऊ शकते आणि तिच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार राहतो, म्हणजेच एकाने संस्थेच्या नावावर केलेली उधारी दुसऱ्याच्या जमिनीपर्यंत पोहोचू शकते. संस्थेची नोंदणी सक्तीची नाही; तथापि कलम 69 मुळे नोंदणी नसलेल्या संस्थेला उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकावर सहसा दावा लावता येत नाही, त्याला मात्र संस्थेवर लावता येतो, आणि उधारीवर चालणाऱ्या दुकानाला हे फार महागात पडते.

2008 च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते व भागीदाराची जोखीम सामान्यतः त्याच्या भांडवलापुरतीच राहते. यंत्रासाठी बँकेने भागीदारांची वैयक्तिक हमी घेतली, तर त्या कर्जापुरते हे कवच गळून पडते. एलएलपीची वार्षिक विवरणपत्रे तर धंदा बसला तरी भरावीच लागतात. लहान दुकानाला म्हणूनच नोंदणीकृत साधी भागीदारी अधिक सोयीची ठरते.